साठ वर्षांनी पुरा पाहिलेला समुद्रपट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात, विजयदुर्गजवळच्या आमच्या घरी, ‘द सी हॉक’ हा १९४० सालचा इंग्रजी साहसपट मी ब्लू-रे तबकडीवर पाहिला. जहाजे, तोफा, तलवारी आणि दर्यावर्दी वीर यांची ही कथा मी यापूर्वीही दोनदा पाहिली होती, आणि एवढी वर्षे तो चित्रपट आपल्याला माहीत आहे अशीच माझी समजूत होती. या वेळी पडद्यावर जे दिसले त्यावरून लक्षात आले की त्या दोन्ही वेळी मी त्या चित्रपटाचे केवळ अवशेष पाहिले होते. जुन्या चित्रपटांचे जतन हा विषय आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या जाणकारांपुरता मानला जातो. तो कोकणातल्या एका सामान्य प्रेक्षकाच्या घरापर्यंत कसा येतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिल्यांदा तो पाहिला १९६२ च्या मे महिन्यात, गिरगावात मामांकडे सुट्टीला गेलो असताना. मी अकरा वर्षांचा होतो. सकाळच्या खेळाला मामा घेऊन गेले. प्रत इतकी झिजलेली होती की चित्रभर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा हलत होत्या, आणि मध्येच नायक जहाजावरून थेट राजवाड्यात जाऊन उभा राहत होता. त्या वयात याचे काही वाटले नाही. पुढे कळले की १९४७ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना १२७ मिनिटांचा १०९ मिनिटांवर आणला गेला होता; मी पाहिलेल्या खेळात पनामाचा भाग केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला तेही का समजले नव्हते, याचा उलगडा त्यातून झाला. दुसऱ्यांदा पाहिला तो १९९० च्या सुमारास, व्हीएचएस कॅसेटवर. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कॅसेटची फीत दोन पावसाळेही नीट काढत नाही. माझ्या कॅसेटच्या फितीवर कडेने पांढरी बुरशी धरली होती. कापसाच्या बोळ्याने ती पुसून मी कॅसेट चालवली, तर चित्राचा खालचा भाग पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा थरथरत राहिला आणि शेवटचा अर्धा तास मिळालाच नाही.

आता हाती आलेली प्रत मूळ लांबीची आहे. जतनाचे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १२७ मिनिटांच्या चित्रपटात १ लाख ८२ हजार ८८० चौकटी होतात. उपलब्ध असलेल्या जुन्या निगेटिव्हमधून आणि प्रतींमधून सर्वांत चांगले भाग निवडायचे, फिल्म आकसलेली असेल तर ती सांभाळून एकेक चौकट स्कॅन करायची, मग धूळ, ओरखडे आणि चित्राचे डुगडुगणे काढायचे, आणि एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना काळ्या-करड्या छटा जुळवून घ्यायच्या, असे हे काम चालते. यात सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे कुठे थांबायचे ते ओळखणे. फिल्मला स्वतःचा एक बारीक रवा असतो. तोही पुसून टाकला तर चेहरे मेणाचे दिसू लागतात. या प्रतीत तो रवा शाबूत ठेवलेला आहे, आणि मखमलीचे अंगरखे, दोरखंडांचे पीळ, घामाने भिजलेले कपाळ हे सगळे त्यामुळेच खरे वाटते.

पाहण्याच्या रात्री बाहेर धो धो पाऊस होता आणि इन्व्हर्टरचा भरवसा नव्हता, म्हणून जेवणे आटोपून आम्ही लवकरच बसलो. आम्ही म्हणजे मी, माझा नातू, आणि शेजारचे आबा. आबांनी चाळीस वर्षे तांडेलकी, म्हणजे होडीवरच्या खलाशांचे म्होरकेपण, केलेली आहे. नातवाने सवयीने चित्र ताणून सबंध पडदा भरला, तेव्हा चित्रपटातली सोळाव्या शतकातली इंग्लंडची राणी एलिझाबेथ भोपळ्यासारखी रुंद झाली. ते मी आधी सरळ करून घेतले. त्या काळचे चित्र जवळजवळ चौकोनी असते आणि आजच्या टीव्हीवर त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिलेच पाहिजेत. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद करावी. एवढे केले नाही तर कोणी कितीही मेहनतीने दुरुस्त केलेली प्रत असो, आपण ती घरी पुन्हा बिघडवतो.

चित्रपट सुरू होतो तो स्पेनच्या राजवाड्यात. भिंतीएवढ्या नकाशापुढे राजा फिलिप उभा आहे, हा सगळा नकाशा एक दिवस स्पेनच होईल असे तो सांगतो आहे, आणि त्याची सावली त्या नकाशावर पसरलेली आहे. लहानपणी ही सावली मला दिसलीच नव्हती, कारण त्या झिजलेल्या प्रतीत सगळेच काळपट होते. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांचे सावल्यांवर किती प्रेम होते ते शेवटच्या द्वंद्वात तर डोळे भरून दिसते. नायक एरॉल फ्लिन आणि खलनायक हेन्री डॅनियल तलवारी परजत दालनादालनांतून फिरतात, आणि त्यांच्याहून कितीतरी मोठ्या सावल्या भिंतींवर आणि खांबांवर लढत राहतात. डॅनियल यांना तलवारबाजी फारशी जमत नव्हती, त्यामुळे त्यांच्या जागी दुसरा तलवारबाज वापरावा लागला आणि सावल्यांचा आधारही घेतला गेला, असे चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. पण अडचणीतून काढलेली ती वाट इतकी सुंदर आहे की नातू श्वास रोखून बसला होता. त्याआधी, नायकाने राणीला भेट दिलेल्या माकडावर तो अर्धा तास खूश होता, ही गोष्ट वेगळी.

आबांचे लक्ष दुसरीकडे होते. या चित्रपटासाठी स्टुडिओत भलामोठा हौद बांधून त्यात पूर्ण आकाराची दोन जहाजे उभारली होती. हे मी त्यांना आधी सांगितले नव्हते. पहिली लढाई सुरू होऊन दोन मिनिटे झाली असतील, तोच ते म्हणाले, “ह्या पाणी तळ्यातला, दर्यातला नाय.” लाटेची लांबी त्यांच्या नजरेने बरोबर हेरली होती. मात्र स्पॅनिश गलबतावर साखळदंडांनी बांधलेल्या इंग्रज कैद्यांचे दृश्य आले तेव्हा आबा पुढे सरकून बसले. वल्ह्यांची रांग, ढोलाच्या ठोक्यावर मागे-पुढे होणारी उघडी अंगे, वरून फिरणारा चाबूक. स्वच्छ प्रतीत प्रत्येक पाठ वेगळी दिसते. “वल्ह्याक हात नाय, पाठ लागता,” एवढेच ते बोलले, आणि दृश्य संपेपर्यंत त्यांनी आपला तळवा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळत ठेवला होता. पुढे हेच कैदी साखळ्या तोडून जहाज ताब्यात घेतात आणि मायदेशाकडे निघताना एका सुरात गाऊ लागतात, तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले.

पनामाच्या जंगलातला भाग मूळ चित्रपटात तपकिरी छटेत छापलेला होता. या प्रतीत ती छटा परत आलेली आहे. जहाजावरच्या थंड, रुपेरी चित्रातून आपण एकदम त्या मातकट उजेडात शिरतो, आणि दलदल, उकाडा, ताप यांचा भार अंगावर येतो. एकही शब्द न बोलता केवळ रंगाने केलेले हे काम आहे. नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत त्या जंगलाची कळाच गेलेली होती. जतन म्हणजे नुसती साफसफाई नव्हे, कर्त्याने जे ठरवले होते ते त्याला परत देणे होय, हे मला या एका भागाने पटवले.

संगीताविषयी थोडेसे. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हे व्हिएन्नात नावारूपाला आलेले ज्यू संगीतकार १९३८ साली हॉलिवूडमध्ये कामासाठी आले असतानाच हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि त्यांना परत जाता आले नाही. त्या माणसाने दोनच वर्षांनी जुलमी सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या दर्यावर्दींसाठी ही तुताऱ्यांची गर्जना लिहिली, हे लक्षात ठेवून ती ऐकावी. चित्रपटाच्या अखेरीस राणी आरमाराला उद्देशून बोलते, ते बोलणे सोळाव्या शतकातल्या स्पेनपेक्षा १९४० च्या जर्मनीला अधिक लागू होते. त्या वर्षी इंग्लंड एकटे झुंजत होते, आणि ते भाषण त्या प्रेक्षकांसाठीच लिहिलेले होते.

आता, विजयदुर्गाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाच्या मनात जो विचार आल्याशिवाय राहत नाही, तो मांडतो. या चित्रपटाचा नायक आपल्या राणीसाठी परक्यांची जहाजे लुटतो, आणि त्याला ‘समुद्राचा ससाणा’ म्हणून गौरवले जाते. आमचे कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा हा त्यांचा आग्रह एका सत्तेचा हक्क होता. आणि तरी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदोपत्री ते चाचेच राहिले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. १७५६ साली विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. वाघोटण खाडीतली खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते. पडद्यावर जहाजाला जहाज भिडवून आकड्या टाकून चढाई होते तशी आंग्र्यांच्या लढाईची रीत नव्हती. गुराबांच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) तोफा असत, म्हणून शत्रूच्या मागच्या बाजूने येऊन मारा करायचा, आणि वारा पडला तर लहान गलबतांनी वल्ही मारत गुराबांना ओढत न्यायचे. हे सारे पडद्यावर आणण्याजोगे किती भव्य आहे, हे मी नातवाला त्या रात्री साडेअकरापर्यंत सांगत होतो.

आणि आपल्याकडे समुद्रपट झालाच नाही असेही नाही. ‘द सी हॉक’च्या चार वर्षे आधी, १९३६ साली, पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘अमरज्योती’ हा हिंदी बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. आई म्हणून असलेला हक्क राज्यसत्तेने नाकारल्यावर समुद्री लुटारूंची प्रमुख होऊन त्या सत्तेवर उलटणाऱ्या सौदामिनीची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली. हॉलिवूडने आपल्या समुद्रपटांत स्त्रीला बहुतेक वेळा गच्चीत वाट पाहत उभे केले असताना, मराठी माणसांनी तिला जहाजाच्या सुकाणूपाशी नेले. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. मी मात्र तो पाहिला तो अशा प्रतीवर, की जहाज कोणते आणि समुद्र कोणता हे ओळखणे कठीण जावे, आणि त्यात गाणाऱ्या शांता आपटे यांचा आवाज खरखरीच्या आडून यावा.

साधारण १९५० पर्यंतचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत. ही फिल्म भडकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी चिकट होत होत शेवटी तिची पूड होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशी किती रिळे नष्ट झाली त्याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रसृष्टीने तेव्हा दिल्या होत्या. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पुष्कळ काही वाचवले आहे आणि अलीकडच्या काळात जतनाची मोठी मोहीमही हाती घेतली गेली आहे, याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी विनंती त्यापुढची आहे. दुरुस्त केलेली प्रत महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कपाटात जाऊ नये. ती तबकडीवर, सोबत मराठीत लिहिलेल्या माहितीपुस्तिकेसह, वाजवी किमतीत विकत मिळावी, म्हणजे देवगड, मालवण, गुहागरच्या माणसालाही ती घरी ठेवता येईल. ‘द सी हॉक’ची तबकडी मला परदेशातून मागवावी लागली; तबकड्यांना विभागवार संकेत असतात, अमेरिकेचा वेगळा आणि भारताचा वेगळा, त्यामुळे ती आपल्या यंत्रावर चालेल की नाही या धास्तीतच ती मागवली, आणि सुदैवाने ती चालली. ‘अमरज्योती’साठी मात्र पुण्याकडेच पाहावे लागेल, आणि सुरुवात त्याच चित्रपटाने व्हावी असे मला वाटते.

आपल्या वाचकांपैकी कोणी, किंवा त्यांच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्याने, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथल्या थिएटरात वा जत्रेतल्या तंबूत ‘अमरज्योती’ पाहिला असेल, तर त्यांनी याच सदरात कृपया लिहावे. कोणते गाणे ऐकल्याचे आठवते, जहाजावरचे कोणते दृश्य डोळ्यांपुढे आहे, हे मला आणि आबांना वाचायचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
विजयदुर्ग परिसर, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग