ट्रायथलॉनसाठी दोन तास रस्ता मोकळा ठेवा

महोदय,
७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि लगोलग ५ किलोमीटर धावणे, ही स्प्रिंट ट्रायथलॉन. नोकरी सांभाळून पहाटे सराव करणारे माझ्यासारखे अनेक हौशी खेळाडू यंदा जिल्ह्यातल्या स्पर्धेत उतरले. तलावात जीवरक्षक आणि होड्यांची सोय उत्तम होती. आयोजकांचे मनापासून आभार. सायकलच्या टप्प्यात मात्र वाहतूक सुरूच होती. उसाची ट्रॉली ओलांडताना समोरून भरधाव मोटार आली आणि माझ्या पुढची मुलगी थेट साइडपट्टीच्या खडीत गेली. गुडघा फुटला, तरी ती उठून पुढे धावली! अशा जिद्दीच्या खेळाडूंसाठी रविवारी सकाळी दोन तास रस्ता बंद ठेवता येणार नाही का? पुढच्या स्पर्धेआधी पोलीस आणि आयोजकांनी एकत्र बसून मार्ग ठरवावा.

– एक हौशी खेळाडू, कोल्हापूर