सहल वाड्याची की बसची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पुण्यातून वाडे पाहायच्या एकदिवसीय सहली सुरू होतात. भोरचा राजवाडा, वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, जमलंच तर वाटेत आणखी एखादं देऊळ आणि रात्री स्वारगेटला परत. नुकताच आमच्या ज्येष्ठ मंडळींबरोबर अशा सहलीला गेलो होतो. मिसळीला पाऊण तास आणि मेणवलीला अर्धा! त्यातलाही बराचसा वेळ घंटेखाली फोटो काढण्यात गेला. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या हाती आलेल्या घंटांपैकी ती एक, तेव्हा तिचं कौतुक रास्तच. पण वाडा राहिला त्याचं काय?

तिथला जिना भिंतीच्या पोटातून जातो. अंधारा, अरुंद, वाकून चढायचा. आमची अख्खी बस एकदम त्यात घुसली. माडीवर भित्तिचित्रं आहेत. त्यांनाच पाठीवरच्या सॅक घासत लोक पुढे सरकत होते. सव्वादोनशे वर्षांहून जुन्या लाकडावर एवढा भार नको, असं म्हटलं तर ‘काका, काही होत नाही’ असं उत्तर मिळालं. नानांचं दप्तर, म्हणजे त्यांची कागदपत्रं, याच वाड्यात होतं, हे कोणी सांगितलंही नाही. मागच्या कृष्णेच्या घाटावर तर निम्मे लोक उतरलेच नाहीत.

आयोजकांनी दिवसाला एकच वाडा घ्यावा. पंधरा-वीस जणांचे गट करून आत सोडावं, कुठल्या चौकात काय चालायचं हे सांगणारा माणूस सोबत द्यावा आणि शुल्कातला काही भाग वाड्याच्या डागडुजीला द्यावा. यासाठी वाईलाच जायला हवं असंही नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळानं शहरात पाणी आणलं. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, पाहत पाहत शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यापर्यंत आलं, की पेशवाईतल्या बागा कशावर फुलत होत्या ते कळतं. ही सहल मात्र कोणी काढत नाही, बहुधा वाटेत हुरडा पार्टी बसत नाही म्हणून!

आपल्याकडेही सहलींच्या जाहिराती येतात. त्यात ठिकाणांच्या यादीसोबत प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, हेही छापायला सांगावं, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे