आयुक्त साहेब, उद्यानातली झाडी आहे तशी राहू द्या

मा. आयुक्त साहेब,

सप्रेम नमस्कार. उद्यानाच्या नूतनीकरणाची फाईल तुमच्याकडे आहे म्हणून हे लिहितोय, सही करायच्या आधी एवढं वाचा प्लीज.

आधीच क्लिअर करतो, खेळाच्या सोयींना माझा अजिबात विरोध नाहीये. लहान मुलांना झोके, घसरगुंडी पाहिजे, मोठ्या पोरांना बास्केटबॉल कोर्ट पाहिजे, ज्येष्ठांना बाक आणि स्वच्छ टॉयलेट, व्हीलचेअरवाल्यांना रॅम्प, आणि हे सगळं याच उद्यानात व्हायला पाहिजे कारण शहरात दुसरीकडे जागा आहेच कुठे. माझं म्हणणं फक्त हे की ते गेटजवळ, पार्किंगलगत करा, जिथली जमीन आधीच तुडवली गेलीये. मागची झाडी आणि तळ्याचा काठ यात पेव्हर ब्लॉक, हायमास्ट आणि स्पीकर नेऊ नका.

झाडं तर तोडत नाही, मग प्रॉब्लेम काय असं विचारतात. प्रॉब्लेम जमिनीखाली आहे साहेब. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, तिथे जेसीबी फिरला, रोलरने माती दाबली, वर काँक्रीट आलं की मुळांना ना हवा मिळत ना पाणी. आणि झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर काम होऊन गेलेलं असतं त्यामुळे त्याचा संबंध कुणी जोडतच नाही.

लाईटचंही तेच. रात्रभर पांढरे एलईडी लावले की किडे दिव्याभोवती फिरून मरतात आणि उजेड टाळणारी वटवाघळं ती जागाच सोडतात. आणि पालापाचोळा कचरा नाहीये हो! त्याच्यात ओल टिकते, किडे राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. वठलेलं झाडसुद्धा, वाटेवर पडायचा धोका नसेल तर, उभं राहू द्या, सुतार पक्ष्याने केलेल्या ढोलीत नंतर पोपट नाहीतर पिंगळे घर करतात.

दोन्ही एकत्र जमतं, जमवलंय लोकांनी. सिंगापूरच्या बिशान पार्कमध्ये २.७ किमीचा सरळसोट काँक्रीटचा कालवा काढून तिथे वळणं घेत जाणारी नदी केली, २०१२ ला ते खुलं झालं, मुलांची खेळायची जागा त्याच पार्कात आहे, लोक पार पाण्यापर्यंत जातात आणि जोराचा पाऊस आला तर सायरन वाजतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तर १८५८ च्या आराखड्यातच आडवे जाणारे ४ रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेलेत म्हणजे आतल्या चालणाऱ्यांना वाहनं आडवी येणार नाहीत. पैसा त्यांनीही खर्च केलाच की, पण कुठली गोष्ट कुठे नको हे आधी ठरवलं.

म्हणून मागणी एवढीच की टेंडर काढायच्या आधी नकाशा उद्यानाच्या गेटवर लावा, झाडीची हद्द जागेवर फक्कीने आखा आणि ती आखताना एखादा वनस्पतीतज्ज्ञ सोबत घ्या. झाडीतल्या पाऊलवाटा मातीच्याच ठेवा, जिथे दिवा लागणारच आहे तिथे कमी उंचीचा, पिवळसर उजेडाचा लावा आणि उद्यान बंद झालं की तो बंद करायची जबाबदारी एका माणसावर टाका. सूचना-हरकतींसाठी निदान महिनाभर द्या, आम्ही लेखी देऊ.

आपला,
एक नागरिक