बाई, जिना मोकळा झाला

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांचा पसारा आवरून दिलात, त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाकायला सांगा" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांच्या देखत लिहितोय.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात हा पसारा आहे, हे गल्लीला ठाऊकच होतं. वडिलांनी जमवले, मी वाढवले. पण खरा डोंगर झाला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतले पाहुणे ट्रंका घेऊन आमच्याकडं आले. पाणी उतरलं, पाहुणे गेले, ट्रंका मात्र "राहूदेत, तुम्हाला आवड हाय न्हवं" म्हणून इथंच राहिल्या. माळा भरला, दिवाण भरला, मग जिनाही अर्धा गेला.

मुलगा म्हणायचा, रद्दीवाल्याला बोलवा. सुनेनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला : वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची. मला प्रत्येक अंक हातात घेतला की आनंदच व्हायचा! त्यानं काय आवरणार, कप्पाळ?

तुम्ही आलात आणि विचारलंत, "हा अंक दुसरीकडं कुठं मिळेल का?" बास, तेवढंच. ग्रंथालयात हयात गेलेल्या माणसाचा प्रश्न. अनुक्रमणिका आहे का, मुखपृष्ठ आहे का, मधली पानं गेलीत का, हे बघत तुम्ही खाली सतरंजीवर ढीग लावत गेलात. १९०९ चा 'मनोरंजन'चा दिवाळी अंक, म्हणजे मराठीतला पहिलाच, वडिलांच्या ट्रंकेत निघेल अशी माझी कैक वर्षांची आशा. ती तुम्ही पहिल्याच दिवशी हसून मोडीत काढलीत, तेही बरं झालं.

पुरात भिजलेला गठ्ठा उघडलात तो दिवस विसरणार नाही. आतली साधी, खरबरीत पानं पिवळी पडलेली, पण सुटी होत होती. मधली गुळगुळीत रंगीत पानं मात्र वाळून एकमेकांना अशी चिकटलेली, की वीटच. मी सुरी लावायला निघालो तर तुम्ही हात धरलात. त्या कागदाचा चकचकीत लेप भिजला की डिंकासारखा चिकटतो, ओला असतानाच पानं सोडवली तरच काही हाती लागतं, वाळल्यावर नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तो गठ्ठा माझ्या हातून सुटला. गंजलेल्या पिना मात्र तुम्ही बोथट सुरीनं एकेक उकलून काढल्यात, आणि माझी सेलोटेप खिडकीत ठेवून दिलीत. तिचा डिंक कागदात उतरतो आणि डाग पाडतो म्हणे. ती अजून तिथंच आहे.

दुबार निघालेले अंक वाचनालयाला देऊन टाकू म्हणून मी रिक्षाच बोलावणार होतो. तुम्ही म्हणालात, "करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, तुमच्या आधीपासून अंक जमवतंय. आधी यादी द्या, त्यांच्याकडं नसेल ते त्यांनाच सांगू द्या." नाहीतर माझा पसारा त्यांच्या माळ्यावर गेला असता, आणि वर मी दानशूर!

आणखी एक. मुखपृष्ठ फाटलेला, कसरीनं खाल्लेला एक अंक होता. तुमच्या हिशेबानं तो रद्दीतच जायला हवा. पण मागच्या पानावर आईनं पेन्सिलीनं परटाचा हिशेब लिहिलेला : धोतरं, चादरी, माझी शाळेची चड्डी. तुम्ही काही न बोलता तो माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "हा यादीत धरू नका."

आता सगळं एका कपाटात मावतं, आणि सौभाग्यवती जिन्यातून सरळ चढते. शेवटची ट्रंक राहिलीय, ती पुढच्या रविवारी काढतो. तुम्ही या, पण कामाला नको. तांबडा-पांढरा करायचा बेत आहे. येताना यादीची वही तेवढी आणा, ती तुमच्याकडंच राहिलीय.

आपला,
राजारामपुरीतला अंकवाला