दुबईत थांबा आहे? मॉल सोडा, खाडीवर जा

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी दुबईतला आठ-दहा तासांचा थांबा कसा घालवावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. बुर्ज खलिफा, मॉल, नाचती कारंजी, आणि वेळ कमी असेल तर ड्यूटी-फ्री, असा एकूण बेत. मुलगी न्यू जर्सीला असल्यामुळे हा थांबा आम्हा नवराबायकोच्याही वाट्याला येतो, म्हणून लिहितो. मॉल काय, पनवेललाही आहे. त्यासाठी वाळवंटात उतरायची गरज नाही. दुबईची खाडी मात्र पाहावी, आणि कोकणातल्या माणसाने तर पाहावीच.

माझी नोकरी सीमाशुल्क खात्यात, बहुतेक सगळी रायगडच्या किनाऱ्यावर झाली. त्या काळी ‘सोन्याची बिस्किटे’ म्हटले की आमच्याकडे पोरासोरांनाही कळायचे. एक बिस्किट दहा तोळ्यांचे, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचे. कापडी जॅकेटांच्या कप्प्यांत ती ओळीने शिवलेली असायची आणि गलबतातून रात्री उतरायची. गंमत अशी की दुबईत सोने आणणे, विकणे, बोटीत भरणे, सारे राजरोस कायदेशीर होते. तोच माल आमच्या हद्दीत शिरला की तस्करीचा. सोने बाळगण्या-विकण्यावर बंधने घालणारा आपल्याकडचा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला आणि या धंद्याचा जोर ओसरत गेला. पण वाट बुजली नव्हती. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रे आणि स्फोटके त्याच वाटेने आमच्या दिघी-शेखाडीला उतरली.

तर, पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत निदान सहा महिने उरली असेल, तर भारतीयांना दुबई विमानतळावरच व्हिसा मिळतो. नसेल तर विमान कंपनीमार्फत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधीच काढून ठेवावा. नियम बदलत असतात, तिकीट काढतानाच विचारलेले बरे. मोठ्या बॅगा परस्पर पुढे जातात. हातातली पिशवी विमानतळावर पैसे भरून ठेवता येते. दोन विमानांत आठ तासांचे अंतर नसेल तर बाहेर पडण्याच्या भानगडीत पडू नये.

टर्मिनल ३ च्या दारातच मेट्रो आहे. लाल मार्गाने युनियन, तिथे हिरव्या मार्गावर बदलून गोल्ड सूक (सूक म्हणजे बाजार) स्थानक. मेट्रोत खाल्ले-प्यायले तर १०० दिर्‍हॅम दंड होतो, तेव्हा चिवड्याची पुडी आत काढू नये. सोन्याच्या बाजारात सुमारे ६४ किलोची एक अंगठी काचेत ठेवली आहे, तिच्यासमोर फोटो काढायला ही गर्दी. आम्ही मात्र एका दुकानात जाऊन दहा तोळ्यांचे बिस्किट दाखवा म्हटले. दुकानदाराने ते मखमलीच्या तबकात ठेवले. बोटभर लांबीचे, दिसायला अगदीच साधे. हिने ते उचलून पाहिले आणि म्हणाली, “एवढ्याशासाठी तुम्ही रात्र रात्र बाहेर असायचात?” दुकानदाराला बहुधा वाटले, भाव करतोय.

तिथून मसाल्यांच्या गल्लीतून खाडीवर या. खाडीच्या या तीरावरच्या भागाला डेरा म्हणतात, त्याच्या धक्क्याला लाकडी गलबते लागलेली असतात. फ्रिज, टायर, खोकी असा माल उघड्यावर रचलेला, इराणला, सोमालियाला जाणारा. राखणीला माणूस दिसत नाही. माझ्यासारख्याला हे पाहून क्षणभर चैन पडेना!

पैलतीरी जायला अब्रा नावाची होडी आहे, भाडे अवघा एक दिर्‍हॅम. मधोमध बाकडे, त्यावर पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसायचे. कठडा वगैरे काही नाही, आणि नाखवा मधल्या खड्ड्यात उभा राहून होडी हाकतो. तो बहुधा बांगलादेशी किंवा पाकिस्तानी असतो, हिंदीत बोला. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना त्याचा हात धरावा, तो स्वतःहून पुढे करतो.

ही खाडी आपल्याला परकी नाही. तेल सापडण्याआधी इथली मिळकत मोत्यांची, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई. १९२९ ची मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी तो धंदा बसवला. १९६६ पर्यंत इथे रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपले परकीय चलन वाहून जाते म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचे अवमूल्यन केले आणि आखाती राज्यांनी रुपया सोडला.

पलीकडे बर दुबईत कापडबाजार, आणि पुढे अल फहिदीची जुनी वस्ती. इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली. चारही दिशांचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे घराघरांवर आहेत. उन्हात त्यांच्याखाली उभे राहून पाहा, मग दुसऱ्या कुठल्या मनोऱ्याचे तिकीट काढावेसे वाटते का ते ठरवा.

आता जुन्या सवयीने थोडे दरडावतो. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि त्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. हातातल्या पिशवीत अनारसे असतील तर शहरात शिरू नका. आमच्याकडे मुलीसाठीचे अनारसे आता तिळावर थापतात. कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवरही तिथे कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गरज पडल्यास आगाऊ परवानगी हवी. अत्तर घेतलेत तर बाटली १०० मिलिलिटरच्या आतली घ्या, नाहीतर परतताना सुरक्षा तपासणीत ती तिथेच राहील.

आणि सोने. परतीच्या थांब्यात ‘थोडेसे चालते’ असे सांगणारा नातेवाईक प्रत्येकाला असतो. दागिन्यांची शुल्कमाफी वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयांसाठी आहे. तीन महिने नातवंडे सांभाळून परतणाऱ्या आजी-आजोबांना ती लागू नाही. बिल जपून ठेवा, भारतात उतरल्यावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून जा, शुल्क भरा. ‘शुल्क भरण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गिकेत घाम फुटलेला माणूस आम्हाला लांबूनच कळायचा.

सोन्याचा बाजार सकाळी दहाच्या आत उघडत नाही आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाला दुकाने बंद असतात. जून ते सप्टेंबरमध्ये थांबा दिवसाचा असेल तर विमानतळावरच बसा, त्या उन्हात आपल्या वयाच्या माणसांनी फिरू नये. पुढच्या वेळी पुरवणीत निदान मेट्रोच्या स्थानकांची नावे आणि खसखशीचा इशारा चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सीमाशुल्क निरीक्षक, श्रीवर्धन