पक्या, तुझ्या अण्णांबद्दल न विचारता बोललो

मँचेस्टर, रविवार रात्र

प्रिय पक्या,

दिवाळीला तुझा मेसेज आला, मी त्याला नुसता पणतीचा फोटो टाकला आणि नंतर पाच महिने गप्प. शिव्या घातल्या असशील, घाल. इथे सगळे बरे आहेत, माझी शुगर गोळ्यांवर आहे, बाकी काही नाही. फोनवर हे सांगायला घेतलं की तू मध्येच तिसरंच काहीतरी काढतोस आणि राहून जातं, म्हणून लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

मी रविवारी लोकांना पायी शहर दाखवतो हे तुला माहितीये. सुरुवात अँकोट्सपासून करतो, रॉचडेल कॅनॉलच्या काठाला मरे बंधूंच्या गिरण्या आहेत, १७९८ पासूनच्या, लाल विटांच्या, आत आता फ्लॅट झालेत. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा लोअर परळच डोळ्यासमोर आलं, फक्त इथे निदान भिंती तरी ठेवल्यात. मग रॉयल एक्स्चेंज. कापडवाल्यांचा तिथला बाजार १९६८ ला बंद झाला, आता आत नाटकं होतात, पण वर बोर्डावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. मी लोकांना तिथे मान वर करून उभं करतो आणि दोन मिनिटं काही बोलत नाही.

आणि शेवटी लिंकनचा पुतळा. हो, अमेरिकेचा अब्राहम लिंकन, मँचेस्टरच्या भर गावात! १८६१ ला तिकडे यादवी सुरू झाली, लिंकनच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इथला बहुतेक कापूस तिथूनच यायचा, आणि तो पिकवणारे गुलाम. गिरण्या बंद पडल्या, लोक सूपच्या रांगेत उभे राहिले. तरी १८६२ च्या ३१ डिसेंबरला इथल्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, गुलामी संपव म्हणून. त्याचं उत्तर १९ जानेवारी १८६३ चं, त्यातला मजकूर पुतळ्याखाली कोरलाय.

हे ऐकून लोकांचे डोळे भरतात, माझेही भरायचे. पण मी नेहमी पुढचंही सांगतो, की सगळेच काही आनंदाने उपाशी राहिले नव्हते. लँकेशायरमधल्या कितीतरी गावांत लोक म्हणत होते काहीही करा पण कापूस आणा, आणि इथून जवळच स्टॅलीब्रिजला मार्च १८६३ मध्ये मदतीच्या पैशांऐवजी चिठ्ठ्या दिल्या म्हणून दंगल झाली. जे गाईड हे गाळून नुसती त्यागाची गोष्ट सांगतात त्यांच्याशी मी भांडलोय. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आपला कापूसही यात आहे. खानदेश-वऱ्हाडचा माल मुंबईतून इथे यायचा, इथे सरसकट ‘सुरत’ म्हणायचे. आखूड धाग्याचा, साच्यावर, म्हणजे मागावर, सारखा तुटायचा, कामगाराची मजुरी कापडावर, म्हणजे दिवसभर राबून हातात काही नाही. आणि त्याच वेळी मुंबईत पैशाचा पाऊस, शेअरचा खेळ, १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. इथली उपासमार ती आपल्याकडची चैन.

हे सांगत होतो तर एका मुलीने विचारलं, मग तुमच्याकडे गिरणीवाले कधी उपाशी राहिले का?

पक्या, मी बोलत सुटलो. १८ जानेवारी १९८२ चा आपला गिरणी संप, अडीच लाख माणूस, पुढारी डॉक्टर सामंत, सगळं. अण्णांनी घड्याळ विकलं, मग काकूंच्या पाटल्या, तू आणि मी बसस्टॉपवर काकड्या विकल्या आणि त्यातल्या निम्म्या तूच खाल्ल्यास. खंडेनवमीला आपल्याला गिरणीत नेलं होतं तेही सांगितलं. साच्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि बिडाच्या अंगावर उठलेली इंग्लिश अक्षरं. तू बोट फिरवत वाचलंस ‘ओल्ड हॅम’ आणि अण्णांना विचारलंस, हा हॅम किती जुना? ते ओल्डहॅम इथून ट्रामने अर्ध्या तासावर आहे रे. प्लॅट ब्रदर्सचा कारखाना तिथलाच, साचे तिथून जगभर जायचे. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा तुला फोन लावला होता, तू उचलला नाहीस.

माझं बोलून झालं तर मागे एक आजी, ऐंशीच्या पुढची, तिने काही न बोलता ओठ ताणून शब्द केले. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ, भुवया आणि पोटावर हात. तरुणपणी साचेखात्यात होती. खडखडाटात ऐकू यायचं नाही म्हणून बायका अशाच बोलायच्या, त्याला इथे मी-मॉइंग म्हणतात. बाकीचे बघत राहिले आणि मला कळलं. भूक लागली का, असं विचारत होती. मला कसं कळणार नाही? अण्णा आणि आमचे दादा गॅलरीच्या दोन टोकांना उभे राहून असेच तर बोलायचे. शेलारकाकू म्हणायच्या या दोघांचं काहीतरी गुपित आहे.

आता खरं ते. त्या गोष्टीत मी दादांना संपात ठेवलं. शेवटपर्यंत.

तुला माहितीये काय झालं होतं ते. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात दादा पहाटे डबा न घेता कामावर निघाले, कोणाला कळू नये म्हणून. दुपारपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं. तू मला जिन्यात पाडून ‘फितुराचा पोरगा’ म्हणालास आणि मी तुझ्या मनगटाला चावलो, खूण असेल अजून. ताईच्या ऑपरेशनसाठी गेले होते ते, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, दादांनीच शपथ घातली होती. पुढे सांगितलं तर तू म्हणालास, अण्णांच्या घरी काय कोणी आजारी नव्हतं? यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि दोन वर्षांनी गणपतीत अण्णा गॅलरीच्या त्या टोकावरून आवाज न करता नुसते ओठ हलवून म्हणाले, चहा? दादा आत येऊन मोरीत तोंड धूत बसले, कितीतरी वेळ. हे तू आणि मी, दोघांनीच बघितलंय. आता सांगणार तरी कोणाला?

आमच्या ग्रुपला छोटं पुस्तक काढायचंय, त्यात त्यांना ही गोष्ट हवीये. मी सांगितली तशी, दोन्ही बाप संपात, फोटोसकट. खंडेनवमीचा फोटो, दोघं साच्यासमोर, अण्णांच्या हातात धोटा. स्टॅलीब्रिज गाळणाऱ्यांवर मी ओरडतो आणि माझ्याच घराचं गाळलं. मला ते खरं लिहायचंय, दादा परत गेले हे आणि चहाचंही. पण अण्णांचं नाव तुझं आहे, ते मी वापरू का? आणि दादांचं असं छापलेलं अण्णांना चाललं असतं का, तुला काय वाटतं? तू नाही म्हणालास तर मी एक ओळही देणार नाही, आणि रागावणारही नाही.

सायलीचं ठरलं हे ताईकडून कळलं, खूप आनंद झाला, तारीख कळव, मी येतोय. वहिनींचा गुडघा कसा आहे? गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत अण्णांचं नाव लागलं का ते बघितलंस का, कागद जपून ठेव.

पुस्तकाचं महिनाअखेरीस द्यायचंय. आणि तुझ्याकडच्या फोटोच्या मागे अण्णांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं, माझ्या कॉपीवर नाहीये. ते बघून सांग.

तुझा,
दिल्या