वजन, लस आणि १-०-१ : आमच्या आशाताईंना

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या सरकारच्या उल्लास कार्यक्रमाच्या पुस्तिकेसोबत माता-बाल संरक्षण कार्ड, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या आणि जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या ओआरएसची पाकिटं वाचायला ठेवायची, ही तुमची कल्पना. आमचा साक्षरता वर्ग टिकला तो त्या कल्पनेमुळे. म्हणून हे आभाराचं पत्र. इतर वाड्यांवर असे वर्ग घेणाऱ्यांनाही त्यातलं काही उपयोगी पडावं, यासाठी ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

पहिला शब्द तुम्ही सुचवलात तो ‘वजन’. तीन अक्षरं, एकही काना-मात्रा नाही, आणि बाळ असलेल्या प्रत्येक घरात तो कार्डावर छापलेला. त्याला ‘लस’ जोडला की पाच अक्षरं हाताशी येतात आणि त्यातून नस, नवस, नवल, जवस निघतात. मग ताप, पाणी, गोळी, जुलाब. जोडाक्षरं शेवटी. ‘जन्म’ हा शब्द कार्डावर अगदी वर असला, तरी तो आधी शिकवायला घेतला की बाया अडतात आणि ‘आम्हाला जमायचं नाही’ म्हणून पाटी बाजूला ठेवतात. क्रम कार्डाचा नको, अक्षरांचा हवा, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं.

आकड्यांची गोष्ट तर पुस्तिकेत सापडली नसती. औषधाच्या पट्टीवर आकडे इंग्रजी असतात. इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो आणि इंग्रजी चार ५ सारखा. ज्यांनी मराठी आकडे नुकते गिरवले आहेत, त्यांची इथेच फसगत होते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून, फरकाच्या जागी बोट ठेवून सराव करायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं १-०-१ तर नवशिक्या डोळ्यांना एकशे एक वाटू शकतं. तुम्ही प्रत्येक आकड्यावर चित्र काढायला लावलंत: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. मधल्या शून्याचा अर्थ ‘दुपारी गोळी नाही’, हे मग सांगावं लागत नाही.

पट्टीची तारीखही अशीच. ईएक्सपी, म्हणजे औषधाची मुदत संपण्याची तारीख, ही तीन इंग्रजी अक्षरं चित्रासारखी ओळखायची, पुढचे दोन आकडे महिन्याचे, नंतरचे वर्षाचे. शेजारी औषध बनवल्याची तारीख असते, ती घेतली तर हिशेब चुकतो. आणि गोळ्या तारखेच्या टोकाकडून कापत गेलं की तारीखच कचऱ्यात जाते. उलट्या टोकाकडून सुरुवात करायची, एवढी साधी गोष्ट, पण ती कुणी तरी सांगावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही ओआरएसवर दिलात, आणि तो द्यायलाच हवा होता. बाजारात दोन मापांची पाकिटं मिळतात. साधारण २१ ग्रॅमचं पाकीट १ लिटर पाण्यासाठी, चार ग्रॅमच्या आसपासचं २०० मिलीलिटरसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ फार होतं आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाला ते धोक्याचं. पाणी जास्त झालं तर अंगातून गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत. म्हणून पाकिटावरचा आकडा आधी वाचायचा, मग भांडं. लोट्याचा भरवसा नाही, पाण्याची रिकामी १ लिटरची बाटली धुऊन घ्यावी. पाणी उकळून गार केलेलं, वरून साखर किंवा दूध नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. अगदी दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थेट दवाखाना.

सोबतची झिंकची गोळी १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळीही थांबते, ही नेहमीची चूक. तुम्ही कॅलेंडरवर १४ चौकोनांना गोल करायला लावलेत, रोज एक फुली. लिहिण्याचा सरावही झाला आणि गोळ्याही पूर्ण झाल्या.

तापाच्या औषधाचा धडा आम्ही आता प्रत्येक गटाला देतो. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, दुसरीवर २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. म्हणजे थेंबांचं औषध पातळ औषध समजून ५ मिली दिलं तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, १२५च्या चौपट. बाटल्या दिसायला सारख्याच, फरक फक्त अक्षरांत. घरातला चमचा वापरायचा नाही, झाकणासारखी मापाची वाटी मिळते तिच्यावरची ५ ची रेघ डोळ्यांच्या उंचीला धरून पाहायची.

कार्डावरच्या वजनाच्या आलेखाबद्दल एकच सांगतो. रंग बघायला सगळे शिकतात. रेघेची दिशा बघायला तुम्ही शिकवलंत. ठिपका हिरव्यात, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात, असला, पण रेघ दोन-तीन महिने आडवी पडली, तर अंगणवाडीताईंना तेव्हाच विचारायचं, पिवळ्यात जाईपर्यंत थांबायचं नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांचाही यात फायदा झाला. आई पट्टी घेऊन बसते आणि मूल बोट ठेवून वाचतं. तुमचा नियम आम्ही वर्गातही लावला: मूल अडलं की लगेच शब्द सांगायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं. तरी नाही जमलं तर पहिलं अक्षर तेवढं सांगायचं. आईला स्वतःला अर्धीच अक्षरं येत असली तरी हे जमतं, आणि मुलाला आपलं वाचणं घरात कामाला येतंय हे दिसतं.

उल्लासची परीक्षा १५० गुणांची आहे: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. तिची तयारी आम्ही घेऊच. पण त्याआधी एक विनंती: रिकाम्या पट्ट्या आणि पाकिटं फेकू नका, एका पिशवीत जमवून ठेवा. नवा गट बसला की पहिल्या दिवसापासून लागतील.

आपले ऋणी,
साक्षरता वर्गाचे स्वयंसेवक